मसनवट्यातली मडकी

मत्स्यव्यवसायाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागेपर्यंत माझी माशाशी ओळख देवघरातल्या मत्स्यावताराच्या चित्रापुरतीच होती. माहेर नांदेडचं, वडील शिक्षक, चातुर्मासात घरात कांदासुद्धा बंद. नोकरीचा हुकूम आला तेव्हा आईनं काळजीनं विचारलं होतं, पोरीला मासे धरावे लागतील का. वडील म्हणाले, धरायचे नाहीत गं, नुसते टाइप करायचे असतील.

पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्या टेबलावर, टाइपरायटरला खेटून, एक ओली बादली आणून ठेवली आणि म्हणाले, "बाई, हात घाला." मी घातला नाही. मग त्यांनी स्वतःचा घातला आणि बोटाला लोंबकळणारा एक करड्या रंगाचा जीव वर काढला. लांब मिशा, पुढं दोन बारीक नांग्या, पोटाखाली पायांची झालर आणि त्या झालरीत गच्च भरलेली हिरवट अंडी. मन्याड नदीच्या डोहातून हे झिंगे त्यांनी धरले होते आणि कंधारहून एसटीनं मांडीवर बादली घेऊन आणले होते. कंडक्टर बादलीचंही तिकीट मागत होता म्हणे. मी अंग चोरून उभी होते, पण समोरच्याला किळस येऊ शकते ही गोष्ट साहेबांच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हतीच. बोट रक्ताळलेलं आणि चेहरा बारशाला आलेल्या मामासारखा.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गावात पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. जो तो नव्या जिल्ह्यात आपल्याला काय मिळणार याच्या गप्पा मारायचा. जुन्या जिल्ह्यातून आमच्या ऑफिसच्या वाट्याला एक जीप, दोन कपाटं आणि साहेब आले. त्यातल्या त्यात जीप बरी होती, असं हेडक्लार्क म्हणायचे. कपाटं उघडत नसत आणि साहेब बंद होत नसत.

पाठीमागं सगळे त्यांना झिंगेसाहेब म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा तर फोन उचलून त्यांनी स्वतःच "हां, झिंगेसाहेब बोलतो" असं सांगितलं, आणि पलीकडच्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मजकूर सांगता सांगता त्यांची गाडी रुळावरून कधी घसरेल याचा नेम नसे. "उपरोक्त विषयान्वये" म्हणून थांबायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "आज ऊन लई हाय बाई, पाणी तापलं असंल." पुढचा विषय मलाच पुरा करावा लागे. हळूहळू मी साहेबांच्या वतीनं इतकी पत्रं पुरी केली की मला शासकीय मराठी त्यांच्यापेक्षा बरी येऊ लागली. त्यांना मुळी कागदाचंच वावडं होतं. त्यांना हवं होतं पाणी, आणि पाण्यात एकच गोष्ट.

औशाच्या अलीकडं, मुख्य रस्ता सोडून आत, एका गावाच्या शिवारात एक पाझर तलाव होता. बहात्तरच्या दुष्काळात गावानंच पोटासाठी माती वाहून तो बांधला होता. तिथं साहेबांनी आपला संसार मांडला होता. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकत्र पाळायची आमच्या खात्याची पद्धत. साहेबांनी त्यातून मृगळ काढला आणि त्याच्या जागी मन्याडचा गावठी झिंगा सोडला. यावर त्यांचं एक भाषण ठरलेलं होतं. येईल त्याला ते जेवणाच्या डब्यावर समजावून सांगायचे. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं खातो, आणि दोघांचं उरलंसुरलं, कुजलंनासलं जे खाली पडतं ते झिंगा खातो. "तो न्हाई तर तळ सडतो," ते सांगायचे. "तळ सडला की वरचे बी मरतात. पण बाजारात तोरा कुणाचा? कटल्याचा." हे बोलताना त्यांचा आवाज जरा जड व्हायचा. साहेब देगलूरकडच्या एका बौद्ध कुटुंबातले होते, घराण्यात कॉलेजात गेलेले पहिले. ते याहून जास्त काही बोलायचे नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

एकदा बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. गोरेगोमटे, इस्त्रीचे. त्यांनी सुचवलं की झिंगाच पाळायचा तर किनाऱ्याकडचा मोठा आणा, वीतभर होतो, भाव येतो. साहेब शांतपणे म्हणाले की त्या झिंग्याच्या पिल्लांना खारं पाणी लागतं, म्हणजे दर साली पिल्लं विकत आणायची आणि दर साली हात पसरायचा. मग त्यांनी टेबलाखालून आपली बादली काढली. "ही आमची बाई इथंच बाळंत होती, इथंच लेकरं वाढवती. समुद्राला विचारत न्हाई." तज्ज्ञांनी बादलीत पाहिलं आणि आकाराची चौकशी केली. साहेबांनी करंगळी दाखवली. त्यानंतर तज्ज्ञांचं जेवणाकडं लक्ष गेलं.

अंड्यांवर आलेल्या माद्यांना ते 'बाई' म्हणत आणि मलाही 'बाई' म्हणत, त्यामुळं "बाई कालपासून खाईना झाल्यात" असं ते चिंतेनं म्हणाले की ड्रायव्हर चाचा आधी माझ्याकडं बघायचे. हे चाचा निजामाच्या काळात जन्मलेले, जीपपेक्षा चार-दोन वर्षांनीच मोठे दिसणारे आणि साहेबांवर मनापासून वैतागलेले. साहेबांना सोडून दुसऱ्या कुणाची गाडी चालवा म्हटलं तर मात्र तयार नसत.

झिंगा कात टाकतो, हे मला साहेबांमुळं कळलं. अंगावरचं कवच काढून टाकतो आणि नवं घट्ट होईपर्यंत लोण्यासारखा मऊ असतो. तळ्याच्या कडेला अशा काती दिसू लागल्या की साहेब चाचांना जीप लांबच उभी करायला लावायचे आणि स्वतः हळू आवाजात बोलायचे, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बोलतात तसं. मऊ पडलेल्या झिंग्याला मासे तर खातातच, पण त्याची भावंडंही सोडत नाहीत. "दार लावून बसायला जागा पायजे त्याला," साहेब म्हणायचे. ही जागा म्हणजे मडकं. आडवं ठेवलेलं, तोंड अरुंद, आत अंधार. कौलं, फुटके पाइप, डालड्याचे डबे सगळं करून झालं होतं, पण झिंग्यांना मडकंच पसंत पडलं होतं. कुंभाराकडची फुटकी संपली, बाजारातली संपली. एकदा त्यांच्या घरी गेले तर वहिनी माठावर हात ठेवूनच माझ्याशी बोलत होत्या. म्हणाल्या, "लग्नातला रांजण बी तळ्यात गेला. आता माझीच पाळी हाय."

तेव्हा साहेबांना मसनवट्याचा शोध लागला. त्या भागात कुणी वारलं की सुतक फिटताना घरातली मातीची भांडी बाहेर टाकून देतात, नवी आणतात. गावाबाहेर, मसनवट्याच्या कडेला, अशी धडधाकट मडकी, गाडगी, डेरे पडलेले होते. साहेबांना घबाड सापडल्यासारखं झालं. चाचा मात्र जीपच्या दारात आडवे उभे राहिले.

"साब, मुर्दे के घर के बरतन हैं ये. गाडी में नक्को."

साहेब म्हणाले, "चाचा, मुर्दा गेला. मडकं कुठं मेलंय?"

सरकारी गाडीत नेलं तर पाप सरकारलाच लागेल, असा तोडगा शेवटी चाचांनीच काढला आणि मडकी चढली. मी मागच्या सीटवर मांडीवर एक डेरा घेऊन बसले होते. घरी गेल्यावर आंघोळ केली, हेही खरं.

गुराख्यांनी हे पाहिलं आणि गावात बातमी गेली. गावानं त्या तळ्यातला मासा खाणं बंद केलं. साहेब हसले आणि मासा लातूरच्या बाजारात पाठवू लागले. पिण्याचं पाणी गावाला विहिरींचं होतं, तळं गुरांपुरतं. त्यामुळं भांडायचं कारण कुणाला पडलं नाही.

दोन-तीन पावसाळ्यांत झिंगे वाढले. एका सकाळी साहेबांनी मला मुद्दाम नेलं आणि कडेच्या उथळ पाण्यातल्या मडक्यात हात घालायला सांगितला. या वेळी मी घातला. आत काहीतरी सळसळलं, बोटाला बारीक चिमटा बसला आणि मी हसले. साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, आता हे बियाणं इथलं झालं, आणखी दोन पावसाळे मिळाले की आपण ते तळ्यातळ्यात वाटू. मला त्या माणसाचा फार लोभ वाटला. इतक्या लहान गोष्टीवर इतका जीव लावलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ते दोन पावसाळे मिळाले नाहीत. पहिला कोरडा गेला आणि दुसरा नुसता शिंतडून गेला. नव्या जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग अजून उडाला नव्हता आणि त्यांच्याखाली रिकाम्या घागरींच्या रांगा लागल्या. आमचा स्टाफ टंचाईच्या कामाला जुंपला गेला. कोणत्या गावाला टँकर गेला, कोणत्या नाही, हेच मी दिवसभर टाइप करायची.

साहेबांनी मोठे मासे काढून विकले, म्हणजे उरल्या पाण्यातली हवा झिंग्यांना पुरेल. काही माद्या घरच्या हौदात नेल्या, त्या उन्हानं मेल्या. मन्याडच्या डोहाकडं जाऊन आले, तिथं वाळू होती. जिल्ह्यातली बाकीची तळी आधीच तडकली होती. आता मन्याडचा झिंगा उरला होता तो या एका तळ्यात, भिंतीजवळच्या खोलगट भागातल्या डबक्यात, त्या मडक्यांत. साहेबांनी डबक्यावर पळसाच्या फांद्यांची सावली केली. रोज काठी लावून पाणी बघायचे आणि म्हणायचे, मृगापर्यंत पुरतंय. एवढंच पुरलं तर पुढं काळजी न्हाई.

वैशाखात गावची शेवटची विहीर आटली. टँकर एक दिवस आला तर चार दिवस येत नसे. गावानं साहेबांना बोलावणं धाडलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं गाव तळ्याच्या भिंतीवर उभं होतं, बाया घागरी घेऊन. म्हातारे पोलीस पाटील पुढं आले आणि त्यांनी सरळच विचारलं.

"सायब, मसनवट्याची मडकी त्या पाण्यात हायेत का न्हाईत? तुमी न्हाई म्हनलात तर आमी पाणी भरतो. हाय म्हनलात तर दीड कोसावरच्या हिरीला जातो."

चाचांनी साहेबांना बाजूला ओढलं. "साब, झूट बी बोलना नक्को. हौ बोलो, बस. झिंगे बच जाते."

हिशोब चोख होता. खोटं बोलायचं नाही, कुणाला हाकलायचं नाही, फक्त खरं सांगून गप्प बसायचं. मृग दोन-तीन आठवड्यांवर होता. साहेबांनी डबक्याकडं पाहिलं. मग चाचांना म्हणाले, आणि मी शेजारीच होते:

"माझी आई आडाच्या कडंला घागर घेऊन उभी राहायची, चाचा. कुणाला दया आली तर वरून पाणी घालणार, न्हाई तर तशीच उन्हात. हिच्यानं पाणी बाटतंय म्हणायचे. आता पाणी बाटलंय म्हणून मीच या बायांना माघारी धाडू?"

ते पाटलांकडं वळले. "मडकी हायेत," म्हणाले. "पाणी चांगलं हाय. मी काढून देतो."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते डबक्यात उतरले. एकेक मडकं उचलायचं, पाण्याशी तिरपं धरायचं, आतले झिंगे हळूच घसरू द्यायचे आणि मडकं काठावर ठेवायचं. घाई नव्हती त्यांना. शेवटचं मडकं निघाल्यावर ते वाकले आणि सगळ्यांसमोर ओंजळीनं ते पाणी प्यायले. तरीही कुणी हललं नाही. मग एक म्हातारी पुढं आली, चिखलात उतरली आणि तिनं ओंजळ धरली. साहेबांनी तांब्यानं तिच्या ओंजळीत पाणी घातलं. ती प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोड हाय की."

मग सगळ्या बाया उतरल्या. साहेबांनी एकच मागणं मागितलं, शेवटी घोट्याएवढं पाणी राहू द्या. ठेवू की सायब, सगळ्यांनी सांगितलं, आणि त्यांनी ते मनापासून सांगितलं होतं. तहान लागलेल्या माणसाचा शब्द पाळला जात नाही, यात त्याचा दोष धरता येत नाही.

परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं साहेब खचले असतील. पण ते खुशीत होते. पुनःपुन्हा तेच सांगत राहिले, "म्हातारीनं माझ्या हातनं पाणी पेलं, बाई. आईनं बघायला पायजे होतं." मलाही त्या दिवशी वाटलं की झिंगे गेले तरी हा माणूस तोट्यात नाही.

मृग आला आणि कोरडाच पुढं सरकला. मधे साहेबांना दुसऱ्या तालुक्यांत पिटाळलं होतं. मोकळीक मिळताच आम्ही तळ्यावर गेलो. डबकं नव्हतं. चिखल होता आणि चिखलात ठिकठिकाणी खणलेले झिरे, हातभर खोल खड्डे, त्यात तळहाताएवढं पाणी पाझरायचं. प्रत्येक झिऱ्याभोवती बाया बसून वाटीनं घागरी भरत होत्या. आणि पलीकडं, भिंतीच्या उतारावर, बाभळीच्या विरळ सावलीत, बौद्धवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या.

साहेबांनी त्यांना विचारलं, तुम्ही का भरत नाही. एकजण म्हणाली, "त्यांचं झालं की कुणीतरी घालतंय, सायब. सकाळधरनं बसलो."

तेवढ्यात ती म्हातारी साहेबांना ओळखून लगबगीनं आली. हातात भरलेला तांब्या. म्हणाली, या सायब, पाणी प्या, तुमच्याच पुण्याईचं हाय. आणि मान वळवून बाभळीखाली म्हणाली, "थांबा गं, झिऱ्याला शिवू नका, म्या घालते." आवाजात राग नव्हता. सुनेला दूध उतू जातंय म्हणून सांगावं तसं ती सांगत होती.

साहेब म्हणाले, "माय, मी बी त्यांच्यातलाच हाय."

म्हातारीनं साहेबांकडं बघितलं. तांब्या तिनं मागं घेतला नाही. खाली ठेवला. साहेबांच्या हातात दिला नाही, खाली चिखलात ठेवला, आणि दोन पावलं मागं सरकून उभी राहिली. मला तिचा जितका राग आला तितका आजवर कुणाचा आलेला नाही. ती वाईट बाई नव्हती, हे मला कळत होतं, आणि त्यानं राग जास्तच भडकत होता.

साहेबांनी तांब्याला हात लावला नाही. ते तसेच चालत गेले, पूर्वी मडकी होती त्या बाजूला, आणि गुडघे टेकून हातांनी चिखल उपसू लागले. मी जवळ जाऊन म्हटलं, साहेब, चला. त्यांनी ऐकलं नाही. खणता खणता कोपरापर्यंत हात गेला आणि खाली ओल लागली. गढूळ पाणी जमू लागलं. त्यांनी उतारावरच्या बायांना हाक मारली. त्या आधी आल्या नाहीत, मग एकजण आली. साहेबांनी खिशातला रुमाल तिच्या घागरीच्या तोंडावर बांधला आणि वाटीनं पाणी गाळून घालायला लागले.

थोड्या वेळानं रुमालावर काहीतरी हललं. मादी होती. करंगळीएवढी, पोटाखाली अंडी घेऊन. साहेबांनी ती तळहातावर घेतली. त्या बाईनं पाहिलं आणि म्हणाली, "घागरीत टाका की सायब. जगंल. आमी गाळून पिऊ."

साहेबांनी घागरीत डोकावून पाहिलं. तळाशी थोडंसं पाणी होतं.

"हिच्यापुरतं बी उरायचं न्हाई. लेकरांना पायजे ते," म्हणाले, आणि मादी बाजूच्या ओल्या चिखलावर ठेवली. तिनं शेपटी दोनदा आपटली. साहेबांनी तिकडं पुन्हा बघितलं नाही. मीच बघत राहिले.

पहिलीची घागर अर्धीही झाली नव्हती तोवर मागं बायांची रांग लागली. खड्ड्यातलं पाणी संपत आलं होतं, वाटी तळाला खरवडत होती. रांगेतल्या पुढच्या बाईनं वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "सायब, माझी बी भरंल का?"

"भरंल," साहेब म्हणाले, आणि वाटी पुन्हा चिखलात घातली.